तेलाचे बंदर आणि गावाचा हिशेब



ह्या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे पंडित बोलून गेले. आम्ही पंडित नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते गोदीच्या धक्क्यावर, युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटातील पुस्तकांवर आणि चौकशी समित्यांच्या अहवालांवर. चालकांनी ‘बंदर आणि तेल’ हा विषय सुचविला तेव्हा आम्ही त्यांना एवढेच म्हटले, की तेलाचे अर्थशास्त्र सांगणारे आपल्याला पुष्कळ भेटतील. परंतु तेलाच्या धक्क्यावर रात्रपाळीला कोण असतो आणि कोण नसतो, हे सांगायचे असेल तर आम्ही येतो. त्यांनी ते मान्य केले, म्हणून आज आपल्यापुढे उभे आहोत.

आपले गाव समुद्रापासून लांब, घाटावरचे. बंदराची उठाठेव आपण कशाला करावी, असे कोणी विचारील. पण मुंबईहून आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या मनमाडपर्यंत जमिनीच्या पोटातून तेलाची नळवाहिनी आलेली आहे. पानेवाडीच्या टाक्या आपल्यापैकी अनेकांनी आगगाडीतून पाहिल्या असतील. द्राक्षाचा ट्रॅक्टर, एस.टी.ची गाडी, दवाखान्यातले जनरेटर, ह्या सर्वांना लागणारे तेल कोणत्या तरी बंदरात कोणी तरी जहाजातून उतरवून घेतलेले असते. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शेकडा पंचाऐंशीहून अधिक तेल परदेशांतून येते. म्हणजे आपल्या घरापासून निघालेला रस्ता शेवटी एका धक्क्याशी जाऊन पोहोचतो.

आता तेलाचे बंदर म्हणजे काय, ते आधी पाहू. साध्या बंदराला जहाज लागायला धक्का, माल ठेवायला गोदाम आणि माल वाहायला माणसे लागतात. तेलाच्या बंदराला चार गोष्टी जास्त लागतात. पहिली, खोल पाणी. कारण तेलवाहू जहाजे प्रचंड असतात आणि भरलेले जहाज पाण्यात खोल बसते. दुसरी, टाक्यांचे आवार. जहाज एकदोन दिवसांत रिकामे होते, पण ते तेल शुद्ध करायला त्याहून पुष्कळ दिवस लागतात; तेव्हा मधल्या काळात ते साठवायला हवे. तिसरी, जहाजापासून टाकीपर्यंत आणि टाकीपासून कारखान्यापर्यंत नळ. आणि चौथी गोष्ट म्हणजे वस्तीपासूनचे अंतर.

साठवणीचे महत्त्व आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. पूर्वी जमिनीत पेव खणून त्यात धान्य ठेवीत आणि दुष्काळात ते उघडीत. सरकारनेही तेलाची अशी पेवे खणली आहेत. विशाखापट्टण, मंगळूर आणि पादूर येथे खडकांच्या पोटात मिळून ५३ लाख टनांहून थोडे अधिक कच्चे तेल मावेल अशा गुहा तयार केल्या आहेत. उद्या कोठे युद्ध पेटले आणि जहाजे आली नाहीत, तर काही दिवस तरी चूल बंद पडू नये, हा त्यामागचा विचार. हा विचार शहाणपणाचा आहे. तेव्हा आम्ही तेलबंदराच्या विरुद्ध बोलायला आलो आहोत असे कोणी समजू नये. देशाला तेल लागते, ते साठवावे लागते आणि त्यासाठी बंदर वाढवावे लागते. आमचा प्रश्न पुढचा आहे. बंदर वाढविताना हिशेब कोणत्या मापाने मांडावयाचा?

मुंबईचेच उदाहरण घेऊ. तेथे पीर पाऊ येथे १९२३ साली तेलासाठी धक्का झाला. स्वातंत्र्यानंतर १९५४ आणि १९५५ साली तुर्भे-माहूलच्या बाजूस दोन तेलशुद्धी कारखाने सुरू झाले. एक अमेरिकन कंपनीचा होता, दुसरा बर्मा-शेल कंपनीचा. पुढे १९७४ आणि १९७६ साली ते राष्ट्राच्या मालकीचे झाले. ह्या कारखान्यांना कच्चे तेल पुरविण्यासाठी घारापुरीच्या शेजारच्या बुचर बेटावर, म्हणजे ज्याला आज जवाहर द्वीप म्हणतात तेथे, मोठ्या जहाजांसाठी धक्के बांधले गेले आणि बेटापासून तुर्भ्यापर्यंत समुद्राच्या तळाशी नळ टाकले गेले. १९८४ साली तेथे चौथा धक्का झाला आणि त्यानंतर आणखी मोठ्या जहाजांसाठी पाचवाही बांधला गेला. आज मुंबई बंदरात जो माल चढतो-उतरतो त्यातला अर्ध्याहून अधिक भाग तेलाचा आणि तेलापासून झालेल्या पदार्थांचा आहे.

तेलाचे धक्के शहरापासून दूर, बेटावर असणे ही मुंबईकरांच्या दृष्टीने केवढी मोलाची गोष्ट आहे हे समजण्यासाठी १४ एप्रिल १९४४ हा दिवस आठवावा लागतो. त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाच्या जहाजाला आग लागली. एकाच जहाजात सुमारे १४०० टन स्फोटके आणि कापसाच्या गासड्या भरलेल्या होत्या. जहाजावर धोक्याचा लाल बावटा नव्हता. दोन स्फोट झाले, गोदीभोवतालच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या, शेकडो माणसे मेली. आग विझवायला गेलेले साठांहून अधिक अग्निशामक जवान परत आले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ आजही देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. बंदरातला धोका हा बंदराच्या फाटकाशी थांबत नाही, हे मुंबईने त्या दिवशी पाहिले.

आता हिशेबाकडे वळू. एक लाख टन तेल घेऊन एक जहाज आले असे समजा. तेवढा माल पन्नास किलोच्या पोत्यांत भरला तर वीस लाख पोती होतील. जुन्या काळी एवढी पोती जहाजातून उतरवायची तर टोळ्यांमागून टोळ्या, पाळ्यांमागून पाळ्या खपल्या असत्या. मुकादम, हमाल, गाडीवान, चहावाले, खाणावळवाल्या बायका अशा हजारो माणसांच्या पोटाला त्यातून काम मिळाले असते. तेलाच्या बाबतीत जहाजावरचेच पंप चालू होतात आणि एकदोन दिवसांत ही वीस लाख पोती नळातून निघून जातात. धक्क्यावर त्या वेळी किती माणसे असतात? बहुधा एवढी, की ह्या मांडवाची पहिली रांगसुद्धा भरणार नाही.

म्हणून बंदराच्या वार्षिक अहवालात टनांचा आकडा फुगलेला दिसला, की गावाने लगेच पेढे वाटू नयेत. तेलाचे टन आणि गावातल्या चुली ह्यांचे नाते फार दूरचे असते. धक्का बांधताना पुष्कळ मजूर लागतात, ते खरे. पण ते काम दोनचार वर्षांत संपते. मागे उरतात ती थोडी माणसे. आमचे सगळे म्हणणे ह्या थोड्या माणसांविषयी आहे. ती थोडी आहेत म्हणून मालकाला ती नगण्य वाटतात; आम्हाला असे वाटते, की थोडी आहेत म्हणूनच त्यांतला एकही कमी करता येत नाही.

तेल उतरवताना ह्या माणसांना काय करावे लागते? जहाज रिकामे होऊ लागले की ते पाण्यातून वर उठते. भरती-ओहोटीने वरखाली होते ते वेगळेच. त्यामुळे दोर ताणले जातात किंवा सैल पडतात. ते कोणी तरी सारखे पाहून सारखे करावे लागतात. जहाज आणि नळ ह्यांच्या जोडावर नजर ठेवावी लागते. टाकीत तेल किती चढले हे मोजावे लागते, कारण टाकी भरून वाहिली तर केवळ तेल वाया जात नाही. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि ठिणगीची वाट पाहत राहते. २००५ साली इंग्लंडात बन्सफिल्ड येथे पेट्रोलची टाकी अशीच भरून वाहिली, मोजणारे साधन अडकून बसले होते, आणि साठ्याचे सगळे आवार पेटले.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती ऐकून पुष्कळांना नवल वाटते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक भयंकर. वेल्डिंगचे दुकान असलेल्या कोणाही मिस्त्रीला विचारा. पेट्रोलचा रिकामा डबा डाग द्यायला आणला तर शहाणा मिस्त्री तो आधी पाण्याने भरून घेतो. कारण तेल गेले तरी वाफ राहते, आणि वाफ व हवा ह्यांचे विशिष्ट मिश्रण झाले की ते दारूगोळ्यासारखे उडते. म्हणून आता मोठ्या तेलवाहू जहाजांत रिकाम्या होणाऱ्या टाक्यांत बाहेरची हवा येऊ देत नाहीत. बॉयलरचा धूर धुऊन, प्राणवायू अगदी कमी करून तो आत सोडतात. ही युक्ति साधी आहे, पण यंत्र चालू आहे की नाही हे पाहायला माणूस लागतो.

ह्या माणसांत काटकसर केली म्हणजे काय होते, त्याचे एक उदाहरण आयर्लंडातले आहे. त्या देशाच्या नैर्ऋत्य टोकाला बँट्री नावाचे लहानसे गाव आणि त्याच नावाची खोल खाडी आहे. १९६७ साली सुएझचा कालवा बंद पडला. जहाजांना आफ्रिकेला वळसा घालून जावे लागू लागले, आणि एवढ्या लांबच्या फेरीला मोठेच जहाज परवडते म्हणून तीन तीन लाख टनांची जहाजे बांधली गेली. अशी जहाजे युरोपातल्या पुष्कळशा बंदरांत शिरू शकत नव्हती. तेव्हा गल्फ ऑइल कंपनीने बँट्रीच्या खाडीतल्या व्हिडी बेटावर १९६८ साली टाक्यांचे आवार आणि त्यासमोर पाण्यात धक्का उभारला. मोठ्या जहाजाने तेल येथे आणून ओतावयाचे आणि लहान जहाजांनी ते पुढे न्यावयाचे, अशी योजना. लहान गावाला मोठे बंदर मिळाले. लोक खूष झाले. त्यांना दोष कोण देईल?

८ जानेवारी १९७९ च्या रात्री, एक वाजण्याच्या सुमारास, तेथे ‘बेतेलज्यूझ’ नावाचे फ्रेंच जहाज तेल उतरवीत होते. अर्ध्याहून अधिक तेल उतरले होते. अकस्मात जहाजाचा सांगाडा मोडला, आग लागली आणि स्फोट झाला. जहाजावरचे आणि धक्क्यावरचे मिळून ५० जण मेले. न्यायमूर्ती कॉस्टेलो ह्यांच्या चौकशी न्यायासनाने १९८० साली अहवाल दिला. त्यात काय निघाले? जहाज जुने झाले होते आणि त्याच्या पोटातल्या गंजलेल्या काही तुळया बदलावयाच्या नाहीत असे पैशाच्या विचाराने ठरले होते. बैलगाडीत मागे जास्त ओझे झाले की गाडी उलाळते, पुढे झाले की बैलांच्या मानेवर येते, जहाजाचेही तसेच. कोणत्या टाकीतून किती काढले आणि कोठे पाणी भरले ह्यावर सांगाड्याचा ताण अवलंबून असतो. तो ताण मोजण्याचे यंत्र त्या जहाजावर नव्हते.

हे झाले जहाजाचे. बंदराचे काय? धक्का बेटापासून पाण्यात अलग होता. तेथून सुटायचे तर होडीवाचून गत्यंतर नव्हते. मदतीचे ओढजहाज धक्क्याजवळ तयार असावयाचे, ते पुढे पुढे लांब, नजरेआड उभे राहू लागले होते. किनाऱ्यावरच्या नियंत्रण-खोलीत ज्याने चोवीस तास धक्क्याकडे पाहायचे, तो त्या वेळी जागेवर नव्हता. पहिली आग आणि महास्फोट ह्यांच्या दरम्यान सुमारे दहा मिनिटे गेली. मंडळी, दहा मिनिटे! ओढजहाज जवळ असते आणि खोलीतला माणूस जागेवर असता, तर धक्क्यावरच्या माणसांना वाचविता आले असते, असे न्यायासनाने म्हटले. ह्या बंदरात कोट्यवधींची यंत्रे होती. कमी पडला तो एक डोळा आणि एक होडी. गल्फ कंपनीने तो धक्का पुन्हा चालू केला नाही. टाक्या तशाच उभ्या राहिल्या आणि गावाच्या नोकऱ्या गेल्या.

हे दूरदेशीचे झाले, आपल्याकडे काय, असे म्हणाल तर ऐका. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली. ‘चित्रा’ हे तेलवाहू जहाजही नव्हते; पेट्या वाहणारे होते. त्याच्या स्वतःच्या इंजिनासाठी असलेले शेकडो टन तेल समुद्रात गेले, आणि तेवढ्याने किनाऱ्यावरची तिवरे काळी झाली, कोळीवाड्यांची मासेमारी थांबली, बाजारात मासे घ्यायला गिऱ्हाईक येईना. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी जवाहर द्वीपावर डिझेलच्या एका टाकीवर वीज पडली आणि ती आग पुरती विझायला कित्येक दिवस लागले. कोणाचा प्राण गेला नाही, ही भाग्याची गोष्ट. पण त्या भाग्यात टाक्यांमधल्या अंतराचा, टाक्यांभोवतीच्या बांधांचा आणि दिवसरात्र शेजारच्या टाक्यांवर पाणी मारीत राहिलेल्या माणसांचा वाटा आहे. त्यांचे नाव वर्तमानपत्रांत आले नाही, म्हणून येथे त्यांची आठवण करतो.

आमच्या कामात जे पाहतो त्यातले एकच सांगतो. एका तेलसाठ्याच्या आवारात (नाव घेत नाही, कारण हा प्रकार एकट्या त्याचा नाही) टाकी धुण्याचे काम कंत्राटदाराला दिलेले होते. सकाळी नाक्यावरून गोळा केलेली आठ पोरे आली. आत उतरण्यापूर्वी वाफ मोजली पाहिजे असा नियम. मोजल्याची चिठ्ठी कागदोपत्री तयार होती, पण मोजणारा अजून फाटकातून आतही आला नव्हता. तेथला एक जुना, कायम नोकरीतला टिंडेल टाकीच्या झाकणाशी आडवा उभा राहिला आणि म्हणाला, “मोजल्याशिवाय एकालाही उतरू देणार नाही, मला काढायचे तर काढा.” दोन तासांनी मोजणी झाली. आत उतरण्यासारखी हवा नव्हती. त्या टिंडेलावर शिस्तभंगाची नोटीस निघाली. ती मागे घ्यायला आम्हाला चार महिने लागले. आता विचार करा, तो टिंडेलही कंत्राटी असता तर तो आडवा उभा राहू शकला असता का? ज्याची उद्याची हजेरी मुकादमाच्या मर्जीवर आहे, त्याच्याकडून आपण धोक्याची घंटा वाजविण्याची अपेक्षा करतो, हे अन्यायाचे आहे आणि मूर्खपणाचेही आहे.

कायमची नोकरी म्हणजे कामगारांचे लाड, असे पुष्कळ सुशिक्षित लोक म्हणतात. १९४८ साली गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा झाला, तेव्हाही हेच म्हटले गेले होते. त्याआधी गोदीवर रोजची भरती होती. पहाटे फाटकाशी गर्दी आणि तोळीवाल्याची मर्जी. त्या दिवसांतून पी. डि’मेलो ह्यांच्यासारख्यांनी संघटना बांधून कामगाराला नोंदलेला, ओळखीचा, हक्काचा माणूस केला. पुढे १९८६ साली गोदी कामगारांच्या सुरक्षिततेचा स्वतंत्र कायदा आला. तो आता २०२० च्या नव्या संहितेच्या पोटात घेतलेला आहे. कायद्याची नावे बदलतील. पण धोका पाहिला की काम थांबविण्याची हिंमत कागदातून येत नाही. ती उद्याच्या भाकरीच्या खात्रीतून येते. आमच्या लेखी कायम नोकरी हे तेलाच्या धक्क्यावर अग्निशामक बंबाइतकेच सुरक्षेचे साधन आहे.

कोणी म्हणतील, हा युनियनवाला, नोकऱ्यांसाठी बोलणारच. होय, नोकऱ्यांसाठी बोलतो. पण ह्या बाबतीत कामगाराचे हित आणि गावाचे हित ह्यांच्या मध्ये पातळ कागदसुद्धा घालता येणार नाही. धक्क्यावरचा माणूस जागा असला तर गाव झोपू शकते.

हे सगळे आजच का बोलायचे? आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे नवे बंदर होत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये त्याला मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज ७६ हजार कोटी रुपयांवर आहे. ते मुख्यतः पेट्यांचे बंदर आहे, पण त्याच्या आराखड्यात द्रवरूप मालासाठीही चार धक्के आहेत. तेथल्या मच्छीमारांचा विरोध सर्वांना ठाऊक आहे. रत्नागिरीकडे नाणार आणि नंतर बारसू येथील तेलशुद्धी प्रकल्पावरून काय रणे माजली, तेही आपण पाहिले. दोन्ही ठिकाणी चर्चा झाली ती जमिनीची, भरपाईची आणि नोकऱ्यांच्या आकड्यांची. ह्या चर्चा झाल्याच पाहिजेत. परंतु बंदर झाल्यावर त्याच्या धक्क्यावर रात्री दोन वाजता कोण असेल, हा प्रश्न आम्ही फारसा कोणाच्या तोंडून ऐकला नाही.

तो गावांनी विचारावा, असे आमचे सांगणे आहे. करार होण्यापूर्वी विचारावा, कारण नंतर विचारणाऱ्याला उत्तर देण्याचे बंधन कोणावर राहत नाही. धक्क्यावर, टाक्यांवर आणि नियंत्रण-खोलीत प्रत्येक पाळीला किमान किती शिकलेली, कायम नोकरीतली माणसे असतील, हे परवान्यातच लिहून घ्यावे. आगीची होडी आणि ओढजहाज किती अंतरावर उभे राहील, हेही लिहून घ्यावे. बँट्रीत ते हळूहळू लांब गेले आणि कोणाच्या लक्षात आले नाही. काम थांबविणाऱ्या कामगाराला शिक्षा होणार नाही, अशी अट घालावी. आगीचा सराव वर्षातून ठरावीक वेळा व्हावा आणि तो पाहायला आजूबाजूच्या गावांतले, कोळीवाड्यातले प्रतिनिधी असावेत. आणि तेल सांडले तर मच्छीमाराला भरपाईसाठी वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागू नयेत, म्हणून त्यासाठी पैसा आधीच वेगळा काढून ठेवावा.

ह्यांत अशक्य असे काही नाही. हजारो कोटींच्या कामात ह्याचा खर्च भाजीतल्या मिठाएवढा आहे. मात्र मीठ घालायचे राहिले, तर ते जेवायला बसल्यावर कळते. तेलबंदराच्या बाबतीत ते फार उशिरा कळते.

येथे विद्यार्थी पुष्कळ दिसतात. त्यांतले कोणी उद्या इंजिनियर होतील, कोणी सरकारी अधिकारी, कोणी वर्तमानपत्रांत जातील. त्यांच्यापुढे कोणत्याही बंदराचा अहवाल आला तर त्यांनी टनांचा रकाना जरूर वाचावा, आणि मग माणसांचा रकाना शोधावा. तो नसेल तर का नाही, असे विचारावे. आमच्यासारख्या सातवी शिकलेल्या माणसाला एवढे विचारता आले. आपल्याला त्याहून पुष्कळ नेटके विचारता येईल.